'ऐवजी' म्हणजे कोणाऐवजी?



संघटनेच्या माणसाने संगणकाच्या भानगडीत का पडावे, असे कोणाच्या मनात आले असेल. आम्ही वाचायला शिकलो ते पगारपत्रकांवर. रकान्याला 'इतर कपात' असे मोघम नाव दिले की पैसे कोणाचे जातात, हे आम्हांला पुरते ठाऊक आहे. आज कामगारांची मुले संगणकाच्या आज्ञा लिहून पोट भरतात. त्यांच्या हत्यारांची नावेही आम्ही त्याच नजरेने पाहतो.

'गिट' हे असे एक हत्यार. लायनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली केले. अनेकांनी मिळून लिहिलेल्या कामाची एक प्रत आपल्या यंत्रावर असते, एक दूरच्या भांडारात; ने-आण चालते ती भांडाराच्या पत्त्यावर. भांडार हलले तर शंभर ठिकाणचा जुना पत्ता खोडत बसण्यापेक्षा एकच नियम लिहिता येतो : पत्त्याची सुरुवात अशी दिसली, तर तेथे ही दुसरी धर. या नियमाचे नाव 'इन्स्टेडऑफ', म्हणजे 'च्या ऐवजी'.

आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली बदलले. 'अहमदनगरऐवजी अहिल्यानगर' म्हटले की आडाण्यालाही कळते. मराठीत 'ऐवजी' जाणाऱ्याला चिकटते. गिटमध्ये हे वाक्य मधोमध तुटले आहे. नवा पत्ता वर मथळ्यात. खाली 'इन्स्टेडऑफ', मग बरोबरचे चिन्ह, मग जुना पत्ता. नवशिक्याला वाटते, चिन्हापुढे आहे तेच वापरायचे. तो उलटे लिहून बसतो. यंत्र हूं की चूं करीत नाही. जुना पत्ता तसाच चालतो, आणि कोणी नवा पत्ता नीट लिहिला तर त्याचाच जुना होतो!

मग 'जुना' आणि 'नवा' अशी नावे द्यावीत काय? आमचे मत नाही. भांडार पुन्हा हलले की आजचा नवा उद्या जुना. 'मागितलेला पत्ता' आणि 'वापरायचा पत्ता' ही नावे टिकतील. पण हे आधी ठरायला हवे होते. हजारो यंत्रांत एखादे नाव लिहिले गेले, की करारातल्या कलमासारखे ते सहजी हलत नाही.

'पुशइन्स्टेडऑफ' हा धाकटा भाऊ त्या मानाने सरळ. आणताना मूळ पत्ता, पाठवतानाच दुसरा, हे त्याच्या नावातच आहे. मात्र भांडाराला पाठवण्याचा वेगळा पत्ता आधीच लिहून दिला असेल, तर हा नियम तेथे गप्प बसतो. हे नावावरून कळत नाही.

आणखी एक. दोन नियम लागू पडत असतील, तर ज्याची जुळणारी सुरुवात अधिक लांब, तो चालतो. हे आपल्याला समजावयास नको. पारनेर तालुक्यात सुपा, बारामती तालुक्यात सुपे. 'सुप्याला पाठवा' म्हटले तर टपालवाल्याने कोठे जावे? तालुका लिहिला की प्रश्न मिटतो.

तेव्हा मुलांना आम्ही सांगतो, काम पाठवण्याआधी 'गिट रिमोट -व्ही' ही आज्ञा द्या. बदल होऊन तयार झालेला पत्ता ती दाखवते, आणण्याचा एका ओळीत, पाठवण्याचा दुसरीत. दोन्ही ओळी वाचा.