पुडी कोण आणायला लावतं?



दिंडीची शंभरी, तेव्हा गोड बोला असं चालक म्हणाले. पण पोरांच्या व्यसनाचा विषय आम्हाला दिलाय, तर थोडं कडू लागंल.

सगळे म्हणतात, पोरं संगतीनं बिघडली. खरं हाय. पण पहिली संगत कुणाची? बापाला तल्लफ आली की आठ वर्षांच्या पोराला दुकानात धाडतो. "जा रं, पुडी आण, उरलेल्या पैशाची गोळी घे." गोळीपायी पोरगं पळत जातं. 2003 च्या कायद्यानं 18 वर्षांच्या आतल्या पोराला तंबाखू विकायची नाही. दुकानदाराला आपण नावं ठेवतो, पण धाडणारा कोण? आजी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करते. नातीचा दात दुखला की तिच्या हिरडीला बोट लावते, औषध म्हणून. पुढं नात आपणच डबी उघडते.

गुटख्याला महाराष्ट्रात 2012 पासून बंदी. तरी आठवीतल्या पोरांच्या खिशात पुड्या निघतात. मग बाप पारावर चारचौघांत पोराला बडवतो, आणि त्याच्या स्वतःच्या गालात बार तसाच! मार खाल्लेलं पोरगं घरात थांबत नाही. ते टपरीमागं जातं, तिथं त्याला कुणी बोलत नाही.

आम्ही कीर्तनाच्या निमित्तानं पुष्कळ घरी जेवलो. काही घरांत गरिबी तीच, पण सांजच्याला हरिपाठ होतो, सगळी एका पंगतीला बसतात, आई पोराला दिवसभराचं विचारते. अशा घरात पोरगंच सांगतं, "आज त्यानं मला पुडी देऊ केली." सांगितल्यावर मार बसणार नाही, एवढा त्याला भरवसा असतो.

आता आपलं. माळ घातली की दारू-मटण सुटतं, हे आपलं भूषण. तंबाखूला मात्र पळवाट ठेवली, "ही काय दारू हाय का?" विसाव्याला टाळ खाली ठेवला की चंची निघते. शेजारी पताका धरून बारा वर्षांचं पोरगं उभं. त्याला वाटतं, हेबी वारीतलंच.

म्हणून चालकांपाशी आमचं मागणं हाय. पोरं झोपतात त्या तंबूत चंची न्यायची नाही. दिंडीतल्या पोराला पुडीसाठी दुकानात धाडायचं नाही. ज्याला सुटत नाही त्यानं आपण उठून लांब जावं. विणेकरीबुवांनी होकार दिलाय. पखवाजी अजून कुरकुरतात.