वाटणीचा हिशेब आपणच करू

कोल्हापूरकडं उसाच्या रानाची वाटणी गुंठ्यांत होते. तो हिशेब आपल्यालाही यायला हवा.

समजा, वडिलांनी स्वतः घेतलेलं दीड एकर, म्हणजे 60 गुंठे रान आहे. मृत्युपत्र नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं आई, दोन भाऊ आणि बहीण, प्रत्येकाला 1/4. पुढं आईही गेली. तिचा पाव हिस्सा तिघा लेकरांत सारखा वाटला, प्रत्येकाला 1/12. मग बहिणीचं एकूण किती?

आम्ही गटात हे गणित घातलं. काहींनी वरचे आकडे वर, खालचे खाली मिळवले: 2/16, म्हणजे 1/8. साडेसात गुंठे! अहो, आधीच 15 होते. मिळवल्यावर कमी कसे होतील?

छेद वेगळे असले की आधी लसावि काढायचा. 4 आणि 12, दोन्हींनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या 12. म्हणून 1/4 म्हणजे 3/12. त्यात 1/12 मिळवला की 4/12, म्हणजे 1/3. झाले 20 गुंठे. तीन लेकरं, तीन सारखे वाटे; ताळा जुळला.

हक्कसोडपत्र पुढं आलं, तर सही करण्याआधी एवढं गणित जरूर मांडा. सोडायचं की ठेवायचं हे आपण ठरवू, पण किती ते कळल्यावरच.