निद्रा आणि चिंता
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पाककृती सोडून मी झोपेवर बोलणार म्हटल्यावर मागे काहीजणी हसल्या. हसा बापड्या! पण दळणाला, भजनाला, जेथे जेथे आपण भेटतो तेथे 'रात्री डोळाच लागला नाही' हे ऐकू येतेच. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. डॉक्टरीचा आव मी आणणार नाही. वाचून आणि जाणत्यांना विचारून जे समजले तेवढेच सांगते.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहानशी ग्रंथी असते. संकट दिसताच ती अॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल हे रस रक्तात सोडते. पहाटे मोहफुले वेचायला गेलेल्या बाईला झुडपाआड वाघ दिसला, तर छाती धडधडते, श्वास वाढतो, रक्तात साखर उतरते, पायांत पळण्याचे बळ येते. ही निसर्गाची कृपाच. बाई सुखरूप घरी पोचली की काही वेळाने सारे शांत होते. पण धानाच्या कडपा शेतात पडल्या आहेत आणि आभाळ भरून आले आहे, विकलेल्या धानाचा चुकारा आलेला नाही, गटाचा हप्ता सोमवारी भरायचा आहे. हा वाघ उंबऱ्यावरून हलतच नाही. शरीराला या दोन वाघांतला भेद कळत नाही.

एरवी कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते, पहाटेपूर्वी चढू लागते आणि उठल्यावर अर्ध्याएक तासात सर्वांत जास्त होते. उलट मेंदूतील पिनियल ग्रंथीचा मेलाटोनिन हा रस अंधार पडला की वाढतो. १९५८ साली अमेरिकेत आरन लर्नर यांनी तो गुरांच्या ग्रंथींतून वेगळा काढला. चिंतेमुळे कॉर्टिसॉल रात्री उतरले नाही, तर अंग मोडून आलेले आणि डोळे मात्र टक्क उघडे. जागरण झाले की दुसऱ्या सायंकाळीही ते चढलेले राहू शकते.

यावर काही घरांत 'बाईला काम कमी पडते' असे म्हणतात. हे बोलणे मला फार झोंबते. पहाटे उठून रोवणीला जाणाऱ्या बाईला काम कमी? आमची एक शेजारीण कित्येक महिने अशी जागत होती. एके दिवशी 'ताई, जगण्यात आता राम नाही' असे बोलून गेली, तेव्हा त्या जागरणाचा अर्थ आम्हांला उमगला. तिला डॉक्टरांकडे नेले. औषध आणि बोलणे दोन्ही चालले. तिच्याच परवानगीने हे सांगते आहे.

आता उपाय. झोप येत नसेल तर तळमळत पडून राहू नये, नाहीतर अंथरूण म्हणजे जागरण अशीच मनाची गाठ पडते. वीसेक मिनिटे गेली की उठावे, मंद उजेडात वाती वळाव्यात, डोळे जडावले की परत जावे. रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ एकच ठेवावी. हे प्रथम जाचते, पण गुण यातच आहे. चिंता सायंकाळीच वहीत उतरवाव्यात, आणि उद्या त्यातले काय करायचे तेही लिहावे. चहा दुपारनंतर नको. आणि खर्रा! तंबाखू मेंदूला जागे ठेवते, हे पुरुषांनाच नव्हे, आपल्यातल्याही काहींना सांगणे आहे. दारूने झोप लागते खरी, पण उत्तररात्री मोडते. मोबाईलचा प्रकाश मेलाटोनिनला मागे ढकलतो.

शेजारणीची झोपेची गोळी मात्र कधीही घेऊ नये. कित्येक गोळ्यांची सवय जडते. चाळिशीनंतर रात्री अंग तापून घाम फुटत असेल, किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर त्याचे कारण निराळे असते, डॉक्टरांना दाखवावे.

सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलिमानस ही सेवा सुरू केली. क्रमांक १४४१६, रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. तो फळ्यावर लिहिला आहे, उतरवून घ्या. ज्यांना फोनवर बोलायचा संकोच वाटेल त्यांनी माझे दार वाजवावे. वाती वळायला सोबत होईल.