गंभीर आजारातील कमी रक्तदाब : ओळख, उपचार आणि कुटुंबाचे कर्तव्य

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत धर्माराधनेबरोबरच रुग्णसेवेलाही स्थान मिळाले, ही आपणा सर्वांना अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे. त्याच परंपरेला धरून आज एका वैद्यकीय विषयावर बोलावे, अशी आज्ञा मला झाली. वाढलेल्या रक्तदाबाविषयी आपण नेहमी ऐकतो. परंतु गंभीर आजारात रुग्णाचा जीव पुष्कळदा जातो तो रक्तदाब उतरल्यामुळे. त्या वेळी घरातील मंडळी जे करतात किंवा करीत नाहीत, त्यावर बरेच काही अवलंबून असते. म्हणून हा विषय मी निवडला.

सर्वसाधारणपणे वरचा आकडा ९० पेक्षा व खालचा ६० पेक्षा कमी झाला, की रक्तदाब कमी झाला असे आपण म्हणतो. पण केवळ आकड्यावर जाऊ नये. एखाद्या सडपातळ भगिनीचा रक्तदाब वर्षानुवर्षे ९५ असतो आणि त्या उत्तम संसार करीत असतात. उलट ज्यांचा नेहमीचा आकडा १६० आहे, त्यांचा आजारपणात ११० झाला, तर तो त्यांच्यासाठी कमीच समजावा. आकड्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा, की मेंदू, मूत्रपिंड आणि हृदय यांना पुरेसे रक्त पोहोचते आहे की नाही.

हे समजण्यास आपल्या शेतातील उदाहरण पुरेसे आहे. विहिरीत पाणी हवे, मोटार ठणठणीत हवी आणि पाइपलाइन योग्य मापाची हवी. तेव्हाच शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोहोचते. शरीरात रक्त हे पाणी, हृदय ही मोटार आणि रक्तवाहिन्या ही पाइपलाइन होय. जुलाब, उलट्या, उष्माघात व रक्तस्राव यांत विहीर आटते. हृदयविकाराच्या झटक्यात मोटार कमजोर पडते. रक्तात जंतुसंसर्ग पसरला किंवा एखाद्या औषधाची तीव्र रिॲक्शन आली, की पाइप सैल पडून रुंदावतात; पाणी तेवढेच असूनही दाब राहत नाही. तिन्हींत यंत्रावरील आकडा एकच दिसतो, उपाय मात्र निरनिराळे आहेत. "बी. पी. लो झाला, मीठ-साखरेचे पाणी पाजा" हा आपल्याकडील सरसकट उपाय पहिल्या प्रकारात जीव वाचवितो, दुसऱ्या प्रकारात जीवावर उठू शकतो.

पहिला प्रकार प्रथम घेऊ. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलऱ्याची साथ पसरली. सीमेवरील बनगाव येथे शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व खाण्याचा सोडा यांचे द्रावण तोंडावाटे देण्याचे धाडस केले. सुमारे तीस टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण त्यामुळे चार टक्क्यांच्याही खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. आज तशाच प्रकारचे द्रावण 'ओआरएस'च्या पाकिटातून मिळते. एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच कालवावे. अर्धे पाकीट पेलाभर पाण्यात घालू नये. पाकीट नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, हे चहाच्या चमच्याचे माप लक्षात ठेवावे. वैशाखातील आपल्या घाटाखालील उन्हात हे ज्ञान प्रत्येक घरी हवे. मात्र रुग्ण शुद्धीवर नसेल, तर त्याच्या तोंडात थेंबभर पाणीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते.

आता दुसरा प्रकार. छातीत दडपण, दरदरून घाम, मळमळ, आणि घरच्यांचे म्हणणे असते "गॅस झाला". अशा वेळी शेजारी कोणीतरी जिभेखाली ठेवण्याची गोळी आणून देतो. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते. रक्तदाब आधीच ९० च्या खाली असेल, तर ती रुग्णाला आणखी खोल ढकलते. म्हणून रक्तदाब न मोजता व डॉक्टरांना न विचारता ही गोळी देऊ नये. १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा; २०१४ पासून ही रुग्णवाहिका सेवा आपल्या राज्यात सुरू आहे.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. लघवीचा, फुप्फुसाचा किंवा मधुमेहींच्या पायाच्या जखमेचा जंतुसंसर्ग रक्तात पसरतो. वयोवृद्धांना ताप येतोच असे नाही. ते नुसते गुंगीत जातात, असंबद्ध बोलतात, जेवण नाकारतात; आणि घरचे म्हणतात, "वय झाले." हातपाय गार व ओलसर पडणे, नाडी जलद होणे, श्वास वाढणे, बोलण्यात गोंधळ आणि लघवी कमी होणे, या पाच खुणा एकत्र दिसल्या तर सकाळची वाट पाहू नये. साठ किलो वजनाच्या रुग्णाला तासाला किमान तीस मिलिलिटर लघवी व्हावी. म्हणजे सहा तासांत कपभरही झाली नाही, तर मूत्रपिंडाला रक्त कमी पडते आहे असे समजावे. या आजारात योग्य प्रतिजैविक पहिल्या तासात मिळावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. खेड्यातून खामगाव, बुलढाणा किंवा अकोला गाठण्यातच तो तास जातो. म्हणून निघण्याचा निर्णय लवकर हवा.

डेंग्यूविषयीही येथेच सांगतो. ताप उतरला म्हणजे आजार गेला, ही समजूत घातक आहे. चौथ्या ते सहाव्या दिवशी ताप उतरतानाच रक्तातील द्रव वाहिन्यांबाहेर पाझरू लागतो. या वेळी वरच्या व खालच्या आकड्यांतील अंतर पाहावे. १२०/८० मध्ये ते ४० असते. १००/८५ हा आकडा वरवर चांगला दिसतो, पण अंतर १५ वर आले आहे. हे अंतर वीसपर्यंत किंवा त्याखाली येणे ही धोक्याची घंटा होय. त्यातच पोटात दुखणे व सतत उलट्या असतील, तर रुग्णालयात दाखल व्हावे.

बंधु-भगिनींनो, आता आपल्या जिल्ह्याच्या खास दुखण्याकडे वळतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आपणास परिचित आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या भागांत अनेक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या खारे पाणी प्याले आणि मूत्रपिंडाच्या विकाराने कित्येक कुटुंबांतील कर्ती माणसे गेली. त्याचे एकच कारण सिद्ध झाले आहे असे म्हणता येत नाही. पण दुःख खरे आहे. यांतील अनेकांचे आयुष्य डायलिसिसवर चालते, आणि डायलिसिस सुरू असताना रक्तदाब एकाएकी उतरणे ही त्यांची नेहमीची व्यथा असते.

असे का होते? साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगात साधारण चार ते साडेचार लिटर रक्त असते. दोन डायलिसिसच्या मध्ये अंगात साठलेले दोन-तीन लिटर पाणी चार तासांत काढायचे असते. ते निघते रक्तातून, आणि ऊतींमधील पाणी हळूहळू रक्तात येऊन ती जागा भरते. काढण्याचा वेग भरण्याच्या वेगापेक्षा अधिक झाला, की विहीर उपसली जाते. जांभया येणे, पायांत गोळे येणे, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी या त्याच्या पूर्वसूचना आहेत. रुग्ण संकोचाने गप्प राहतो. तसे करू नये. पहिल्या जांभईलाच तंत्रज्ञाला सांगावे. ते पाणी काढण्याचा वेग कमी करतात, पाय उंच करतात, गरज पडल्यास सलाइन देतात.

यापेक्षा मोठा उपाय घरच्या स्वयंपाकघरात आहे. डायलिसिसनंतर पाणी पूर्ण निघाल्यावर जे वजन राहावे, त्यास 'कोरडे वजन' म्हणतात. त्यावरील वाढ साठ किलोच्या रुग्णात दोन ते अडीच किलोंच्या आत ठेवावी. त्यासाठी पाणी मोजण्याआधी मीठ मोजावे, कारण तहान मिठाने वाढते. आपल्याकडे तिथीला हिरवी भाजी वर्ज्य असते आणि तिची जागा पापड, लोणचे, खाखरा, फरसाण घेतात. निरोगी माणसाला ते चालेल. डायलिसिसच्या रुग्णाला तेच पदार्थ दोन दिवसांत तीन किलोंनी फुगवतात आणि तिसऱ्या दिवशी यंत्रावर त्याचा रक्तदाब पाडतात. डायलिसिसपूर्वी भरपेट जेवण टाळावे. रक्तदाबाची गोळी त्या दिवशी आधी घ्यावी की नंतर, हे तज्ज्ञांना विचारून लिहून घ्यावे. हातावरील फिस्तुलाची थरथर रोज बोटांनी तपासावी. रक्तदाब फार उतरल्यास ती बंद पडू शकते. आणि अशा रुग्णाचा रक्तदाब घरी उतरला म्हणून प्रेमाने शहाळ्याचे पाणी पाजू नये. त्यातील पोटॅशियम त्याच्या हृदयाची गती थांबवू शकते. त्याला आडवे करून पाय उंच करावेत आणि केंद्रावर कळवावे.

खर्चाने खचू नये. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, आणि २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांच्या पातळीवर राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही राबविला जातो. कागदपत्रांसाठी धावपळ करू शकणारा एक तरुण कार्यकर्ता मिळाला, तर रुग्णाच्या घराला फार मोठा आधार होतो.

आता तपश्चर्येविषयी चार शब्द, अत्यंत विनयपूर्वक. उपवासाच्या पहिल्या काही दिवसांत शरीर मीठ व पाणी अधिक प्रमाणात बाहेर टाकते, त्यामुळे रक्तदाब उतरतो. निरोगी तपस्वी ते सहन करतो. परंतु रक्तदाबाच्या, लघवी वाढविणाऱ्या, मधुमेहाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या सुरू असताना अठाई सुरू केली, तर दोन्ही परिणाम एकत्र येतात. चौविहारामुळे रात्रभर पाणी नसते, आणि पहाटे प्रतिक्रमणासाठी एकदम उठताना तोल जातो. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला, तर ती पडण्याची पूर्वसूचना होय. आधी कुशीवर वळावे, मग पलंगाच्या कडेला बसावे, मग उभे राहावे. दमा किंवा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांनी तर गोळी एकाएकी मुळीच थांबवू नये; रक्तदाब कोसळून प्राणावर बेतते. तपापूर्वी पंधरा दिवस आधी डॉक्टरांना भेटून कोणती गोळी कमी करायची, कोणती चालू ठेवायची, हे ठरवून घ्यावे.

काही जण म्हणतील, "पच्चक्खाण घेतले, आता औषध कसे घ्यावे?" पच्चक्खाणाच्या पाठातच आगार आहेत, आणि त्यांत 'सव्वसमाहिवत्तियागारेणं' हा आगार आहे. तीव्र व्याधीमुळे समाधी ढळू लागली, तर औषधासाठी दिलेली ती सवलत आहे. त्याचा विनियोग कसा करावा हे गुरुभगवंतांना विचारावे; पण आगार आपल्या पूर्वाचार्यांनीच ठेवला, याचे स्मरण असावे.

रुग्ण अतिदक्षता विभागात असतो तेव्हा डॉक्टर सांगतात, "बी. पी. इंजेक्शनवर आहे." नातेवाईक एक तर निर्धास्त होतात, नाही तर हातपाय गाळतात. हे औषध, बहुधा नॉरॲड्रेनलिन, सैल पडलेल्या वाहिन्या आवळून धरते. मूळ आजारावरील उपचार लागू पडेपर्यंत दिलेला तो टेकू आहे. अशा वेळी तीन प्रश्न शांतपणे विचारावेत : रक्तदाब उतरण्याचे कारण सापडले का? इंजेक्शनचा डोस कालपेक्षा वाढला की घटला? लघवी होते आहे का? डोस घटत असेल आणि लघवी होत असेल, तर रुग्ण सावरतो आहे. कुटुंबातील एकानेच रोज विचारावे व इतरांना सांगावे. दहा जणांनी दहा वेळा विचारल्याने गोंधळ मात्र वाढतो.

आणि कधी कधी असाध्य कर्करोगासारख्या व्याधीच्या अखेरीस उतरणारा रक्तदाब हा देहाच्या प्रवासाचाच एक भाग असतो. तेथे बाटलीमागून बाटली सलाइन चढविल्याने फुप्फुसांत पाणी साचून क्लेशच वाढतात. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मृत्यूचा हक्क मान्य केला आणि २०२३ साली पूर्वलिखित इच्छापत्राची पद्धत सोपी केली. संथाऱ्याचा विषय स्वतंत्र व गुरुजनांच्या अधिकारातील असल्याने त्यावर मी बोलत नाही. एवढेच म्हणतो, की आपली इच्छा काय आहे, हे शुद्ध असतानाच मुलाबाळांशी बोलून ठेवावे. अतिदक्षता विभागाच्या दारात भावाभावांत होणारे वाद त्यामुळे टळतात.

शेवटी संस्थेस विनंती. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने स्थानकात व मंदिरात एकेक चांगले रक्तदाबमापक यंत्र ठेवावे आणि ते वापरणारे चार युवक-युवती तयार करावेत. चातुर्मासात प्रत्येक तपस्व्याचे एक कार्ड असावे : आजार, चालू औषधे, नेहमीचा रक्तदाब, घरच्यांचा व डॉक्टरांचा दूरध्वनी. खारपाणपट्ट्यातील डायलिसिसच्या रुग्णांना, मग ते कोणत्याही समाजाचे असोत, केंद्रापर्यंत नेणारे एखादे वाहन संस्थेने दिले, तर जीवदयेचे याहून मोठे कार्य कोणते? वैयावृत्त्य, म्हणजे रुग्णाची सेवा, हे आपल्याकडे अभ्यंतर तपात गणले आहे. जो स्वतः उपवास करू शकत नाही, त्यालाही हे तप करता येते.