वैद्यकाचा अभ्यास आणि क्रीडासाधना
(यवतमाळ येथे विद्यार्थी व पालकांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मुलाने वा मुलीने डॉक्टर व्हायचे ठरविले, की यवतमाळ जिल्ह्यातील अनेक घरांत दहावीनंतर धावण्याचे बूट माळ्यावर जातात. पालकांची ही चिंता अनाठायी नाही. एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यापुढे वर्षभराची आंतरवासिता. व्याख्यानांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती अनिवार्य. दुसरीकडे ‘आयर्नमॅन’सारख्या स्पर्धेत ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल चालविणे आणि ४२.२ किलोमीटर धावणे सलग करावे लागते. एका जिवाने हे दोन्ही कसे पेलावे?

उत्तर दूर शोधण्याची आवश्यकता नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी वैद्यकाची पदवी घेतली, सार्वजनिक आरोग्य या विषयाचे उच्च शिक्षण घेतले, आयर्नमॅन स्पर्धा पूर्ण केल्या. २०१७ साली अमेरिका आडवी ओलांडणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत त्यांनी एकट्याने १२ दिवसांच्या मुदतीत पार केली. त्याच वर्षी लष्करातील वैद्यकीय अधिकारी डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही ती पूर्ण केली. २०१८ साली डॉ. समर्थ यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे सुमारे ९,१०० किलोमीटरचे अंतर सायकलने कापले.

अमेरिकेच्या एरिक हायडन यांचा क्रम याच्या उलट होता. १९८० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरील स्केटिंगची पाच सुवर्णपदके, १९८६ साली ‘टूर द फ्रान्स’ सायकल शर्यतीत सहभाग, मग १९९१ साली वैद्यकाची पदवी. पुढे ते अस्थिशल्यचिकित्सक झाले. रॉजर बॅनिस्टर यांनी तर वैद्यकाचे विद्यार्थी असतानाच १९५४ साली एक मैलाचे अंतर चार मिनिटांच्या आत कापले. त्या दिवशी सकाळी ते रुग्णालयात कामावर होते! मात्र वर्ष संपताना त्यांनी स्पर्धा सोडल्या आणि वैद्यकाला वाहून घेतले.

या तिघांत एक सूत्र समान आहे. दोन्ही शिखरे त्यांनी एकाच वेळी सर केली नाहीत. कोणत्या वर्षी अभ्यास पुढे आणि कोणत्या वर्षी मैदान पुढे, याचा विवेक त्यांनी राखला. मात्र ज्याची पाळी मागे आली, त्याचा त्याग केला नाही.

हा विवेक एकट्या विद्यार्थ्याच्या अंगावर टाकून चालणार नाही. यवतमाळमध्ये १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जवळच्या अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची परंपरा आहे. शिक्षण आणि व्यायाम यांची केंद्रे एवढी निकट असताना दोहोंमधील अंतर मनातच अधिक आहे. स्पर्धेसाठी निवड झालेल्या विद्यार्थ्याची बुडालेली प्रात्यक्षिके गुरुजनांनी भरून घ्यावीत. परीक्षेच्या महिन्यांत प्रशिक्षकाने सराव हलका करावा. पालकांनी एवढेच करावे : ते बूट माळ्यावर न टाकता दाराशी ठेवावेत.

रुग्णाला व्यायाम सांगणारा डॉक्टर स्वतः मैदानावर दिसला, तर त्याचा शब्द अधिक मानला जाईल. समाजाला असे डॉक्टर हवे आहेत.