कोलाडचा ल

कोलाड हे तीन अक्षरांचे नाव. मुंबई-गोवा महामार्गावरच्या या रोहा तालुक्यातील गावाच्या नावातले मधले अक्षर पाट्यांवर दोन वळणांनी लिहिता येते. मराठी वळणाचा ल पाकळीयुक्त असतो, दोन्ही बाजूंना पाकळ्या आणि मधोमध शिरोरेघेला जोडणारा देठ. हिंदी वळणाच्या ल ला उजवीकडे उभा दंड असतो. त्यामुळे 'ला' लिहिताना हिंदी वळणात दंड आणि काना असे दोन उभे खांब शेजारी येतात, मराठीत काना एकटाच उभा राहतो. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात पाकळीयुक्त ल च मान्य केला. तरीही संगणकावरचे अनेक तयार फॉन्ट हिंदी वळणाचे असल्याने फ्लेक्सवर दंडाचाच ल उमटतो. हाताने रंगवणाऱ्या मराठी पेंटरच्या कुंचल्यातून मात्र सहसा पाकळीचाच ल उतरतो. गावाची ओळख टिपायची तर कॅमेरा आधी या अक्षरावर रोखावा.

पाटीचे छायाचित्र समोरून घ्यावे. भिंग पाटीच्या मध्याच्या उंचीला असावे, नाहीतर शिरोरेघ तिरकी होते आणि अक्षरांचे प्रमाण बिघडते. ऑइलपेंटची पाटी सकाळच्या तिरप्या उन्हात टिपावी. कुंचला कुठे टेकला, कुठे उचलला, हे रंगाच्या उंचवट्यांवरून तेव्हाच कळते. फ्लेक्स चकाकतो, त्याला ढगाळ दिवस बरा. एक चौकट अक्षरांची, दुसरी दुकान, फळी, ओटा आणि रस्ता यांसह घ्यावी. नुसत्या अक्षरांत गाव सापडत नाही.

कोलाडला आणखी एक दुर्मीळ संधी आहे. कोकण रेल्वेने 1999 मध्ये येथून गोव्यातील वेर्ण्यापर्यंत मालट्रक रेल्वेने नेणारी रो-रो सेवा सुरू केली. एरवी भरधाव निघून जाणारे ट्रक गाडीवर चढण्याआधी येथे थांबतात. त्यांच्या फळ्यांवर परराज्यांतल्या पेंटरांची अक्षरेही दिसतात. चालकाला विचारून ती निवांत टिपता येतात.

प्रत्येक छायाचित्रासोबत तारीख, नेमकी जागा आणि पाटीचे साहित्य लिहून ठेवावे. पेंटरची सही बहुधा खालच्या कोपऱ्यात बारीक असते, ती चौकटीबाहेर जाऊ देऊ नये. महामार्ग रुंद होताना दुकाने मागे सरकतात आणि जुनी पाटी सहसा परत लागत नाही, म्हणून नाक्यावरच्या पाट्या आधी टिपाव्यात.