समुद्राकाठची राहुटी

(हीरक महोत्सवानिमित्त जयनगर, बंगळूरु येथे झालेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



जयनगर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर वसले आहे. पूर्वेला चेन्नई गाठा वा पश्चिमेला मंगळूरु, समुद्र रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास दूरच राहतो. तरीही येथे वाढणाऱ्या कित्येक मराठी मुलांच्या घरात समुद्राचा वावर असतो. कोणाचे आजोळ मालवणला, कोणाचे कारवारला. कोणाच्या स्वयंपाकघरात सुट्टीहून परतताना आणलेली आमसुलांची पुडी. मधल्या एका पिढीने हा समुद्र हॉटेलच्या गॅलरीतून पाहिला आणि त्यात समाधान मानले. आजच्या तरुण आईवडिलांना मात्र गॅलरी पुरेशी वाटत नाही. शुक्रवारी रात्री जयनगरातून निघावे, घाट उतरून पहाटे होन्नावर, कुमटा किंवा गोकर्ण गाठावे, आणि शनिवारची रात्र वाळूवर, कापडी छपराखाली काढावी, अशी हौस आता घरोघरी दिसते. या हौसेविषयी आजचे हे चार शब्द आहेत.

तंबू मराठी माणसाला नवा नाही. राहुटी, पाल, डेरा, कनात, शामियाना असे किती शब्द या भाषेने सांभाळून ठेवले आहेत! धनगराचे पाल आजही माळावर उभे राहते. आषाढी वारीत दिंडीच्या मुक्कामी रोज संध्याकाळी राहुट्या उभ्या राहतात, पहाटे उतरतात आणि सामानाच्या ट्रकमधून पुढच्या मुक्कामी पोहोचतात. चाकांवरचे बिऱ्हाड पाहायचे असेल तर त्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. बालवीर चळवळीचा आरंभही समुद्राकाठच्या तळावरूनच झाला. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या किनाऱ्यालगतच्या ब्राउनसी बेटावर वीस मुलांना घेऊन पहिले प्रायोगिक शिबिर भरवले. तेव्हा मुलांनी तंबूत राहून काही शिकावे, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. प्रश्न एवढाच की आजचा पाहुणा तंबूत राहून नेमके काय शिकतो.

पहिला धडा वाऱ्याचा. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे जाणारे मतलई वारे, हे भूगोलाच्या पुस्तकातील वाक्य प्रत्येक विद्यार्थ्याने परीक्षेपुरते पाठ केलेले असते. तंबूत झोपलेल्याला ते अंगावर कळते. संध्याकाळी समुद्राकडून येणारी झुळूक हवी म्हणून दार पश्चिमेकडे ठेवावे, तर मध्यरात्रीनंतर कापडाची पाठ फडफडू लागते आणि वारा मागून शिरतो. ते पाठांतर अशा वेळी पहिल्यांदा खरे होते.

दुसरा धडा वाळूचा. माळावर घट्ट बसणारी लोखंडी खुंटी कोरड्या वाळूत क्षणात उपटून येते. पिशवीत वाळू भरून ती पुरावी आणि तिला दोर बांधावा, हे किनाऱ्यावरचे कोणीही सांगेल. अलिबाग, नागाव, रेवदंडा या बाजूला तंबू प्रायः सुरूच्या बनात लावतात. सुरूचे झाड मूळचे इकडचे नव्हे, परंतु त्याच्या काड्यांची मऊ गादी आणि सळसळ पाहुण्यांना फार आवडते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले आणि बागांबरोबर सुरूची बनेही आडवी झाली, तेव्हा सावलीची किंमत सर्वांना कळली. नारळाच्या सावलीचे मात्र निराळे. माडाखाली तंबू लावू नये, कारण नारळ पडताना खाली कोण झोपले आहे हे पाहत नाही. शहाळ्यासाठी माडाकडे पाहणारा शहरी पाहुणा एवढी साधी गोष्ट हमखास विसरतो.

तिसरा धडा भरतीचा, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

पाहुणे तंबूसाठी पौर्णिमेची रात्र निवडतात. चांदणे, चमकते पाणी, लख्ख दिसणारा किनारा. निवड रसिकतेची आहे यात शंका नाही. पण कोकणात जुन्या माणसांचा एक हिशेब आहे. तिथीच्या आकड्याला तीनने गुणावे आणि चाराने भागावे. येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. अष्टमीला सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरते. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, म्हणजे सव्वाअकरा. किनाऱ्यागणिक तास-दीड तासाचा फरक पडतो, पण अर्थ स्पष्ट आहे. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आणि रात्री बाराच्या आसपास येते. शिवाय याच दोन तिथींच्या सुमारास उधाण असते, म्हणजे पाणी सर्वांत वर चढते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती; ती बेताची. म्हणजे चांदण्यासाठी निवडलेल्या नेमक्या त्याच रात्री, पाहुणे गाढ झोपेत असताना, समुद्र त्यांच्या अधिकात अधिक जवळ येतो. मुंबईकडे उधाणाच्या भरती-ओहोटीतील उंचीचा फरक चार मीटरांच्याही वर जातो. कारवारकडे तो दोन मीटरांच्या आसपास असतो. सपाट किनाऱ्यावर दोन मीटर पाणी चढले म्हणजे ते किती आत येते, याचा अंदाज संध्याकाळी सहा वाजता ओहोटीच्या रुंद वाळूवर उभे राहून येत नाही.

खूण मात्र वाळूवरच लिहिलेली असते. सुकलेले शेवाळ, शिंपले, काटक्या आणि सुरूची फळे यांची एक वेडीवाकडी रेघ किनाऱ्याला समांतर धावते. अशा रेघा दोन-तीन असतील तर सर्वांत वरची उधाणाची. तिच्याही वर, चांगले अंतर ठेवून तंबू लावावा. ज्याला ही रेघ वाचता येत नाही त्याने गावातल्या कोळ्याला विचारावे. पदवीधर माणसाला हे विचारणे का जड जावे, हे कोडे आहे; परंतु जड जाते खरे.

पठारावर वाढलेल्या मुलांना समुद्र वाचता येत नाही, आणि त्याची किंमत या राज्याने आणि शेजारच्या राज्याने मोजलेली आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. १० डिसेंबर २०२४ रोजी मुर्डेश्वरला कोलार जिल्ह्यातून सहलीला आलेल्या चार शाळकरी मुली लाटांनी ओढून नेल्या. कोलार बंगळूरुच्या शेजारचाच जिल्हा. त्या मुली ज्या हौसेने घाट उतरल्या, त्याच हौसेने जयनगरची मुलेही उतरतात. किनाऱ्यावर आलेले पाणी परत जाताना एखाद्या चिंचोळ्या वाटेने जोराने आत ओढते. अशा जागी लाटा फुटताना दिसत नाहीत, म्हणून नवख्याला तीच जागा शांत आणि सुरक्षित वाटते. ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे झुंजत पोहायचे नसते, किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर पडायचे असते. हे ज्ञान सहलीच्या बसमध्ये, अंताक्षरी सुरू होण्यापूर्वी, दहा मिनिटांत देता येते. पोहता न येणाऱ्याने तर गुडघ्याच्या वर पाणी घेऊच नये.

स्त्रियांच्या अनुभवाविषयी प्रवासवर्णने मौन पाळतात. तंबूच्या जाहिरातीत शेकोटी असते, गिटार असते, सूर्यास्त असतो, शौचालय नसते. रात्री दोन वाजता लहान मुलीला घेऊन विजेरीच्या उजेडात दोनशे पावले चालत जाणाऱ्या आईला सूर्यास्त आठवत नाही. स्वच्छ शौचालय, आतून लागणारी कडी, अंग धुण्यापुरते गोडे पाणी आणि वाटेवर एक मंद दिवा, एवढ्या गोष्टी असतील तर तळ चांगला, नसतील तर दर कितीही कमी असो, तो महागच. तारकर्लीसारख्या ठिकाणी सुरूच्या बनातल्या महामंडळाच्या निवासात उतरून, दिवसभर वाळूवर राहून, रात्री पक्क्या छताखाली झोपणारी कुटुंबे याच कारणासाठी तसे करतात. त्यांना भित्रे म्हणू नये.

दिव्याचा विषय निघाला म्हणून किनाऱ्याच्या आणखी एका रहिवाशाविषयी. नोव्हेंबर ते मार्च या काळात, म्हणजे नेमक्या सहलींच्या हंगामात, ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या पश्चिम किनाऱ्यावर रात्री वाळूत अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि सुमारे दीड महिन्याने पिले बाहेर पडतात. जिकडे उजेड अधिक तिकडे समुद्र, एवढीच पिलांची समजूत. तंबूबाहेर टांगलेला प्रखर दिवा किंवा गाडीचे हेडलाइट त्यांना उलट्या दिशेने नेतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास, नाना फडणविसांचे मूळ गाव, येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून हे काम हाती घेतले. तेथे कासव महोत्सवाला येणारे पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, घरचे जेवतात आणि पहाटे रांगेत उभे राहून पिलांना पाण्यात जाताना पाहतात. किनाऱ्यावर त्या काळात तंबूंची गर्दी नसणे हेच त्या सोहळ्याचे वैभव आहे. कर्नाटकात होन्नावरजवळचा कासरकोड आणि उडुपीकडचा पडुबिद्री या किनाऱ्यांना २०२० मध्ये ब्लू फ्लॅग मानांकन मिळाले. त्या मानांकनाच्या अटींत किनाऱ्यावर विनापरवाना तळ ठोकण्यास आणि वाहन चालवण्यास मज्जाव आहे. वाळू सर्वांची म्हणून कोठेही तंबू ठोकावा, असा समज करून निघालेल्या पाहुण्याने हे आधी विचारून घेतलेले बरे.

शाळेचे काही माजी विद्यार्थी आता अमेरिकेत असतात, आणि तेथील मराठी कुटुंबे चाकांवरच्या घराचा, म्हणजे आरव्हीचा, अनुभव उत्साहाने सांगतात. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला हाफ मून बे येथे समुद्राला लागून सरकारी उद्यान आहे. तंबूसाठीही जागा आहेत आणि आरव्हीसाठीही. जागा सहा महिने आधी नोंदवावी लागते, एका जागेवर माणसांची संख्या ठरलेली, रात्री दहा ते सकाळी सहा शांतता सक्तीची. जुलै महिन्यात स्वेटर घालून धुक्यात पोहे खाणारी ती मंडळी पाण्यात मात्र क्वचितच उतरतात, कारण पाणी हाडे गोठवणारे असते. त्या गाड्यांतील सांडपाणी कोठे रिकामे करावे, याची जागा अशा तळांवर आखून दिलेली असते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, केरळनेही त्याच वर्षी. धोरण स्वागतार्ह आहे. परंतु कोकणच्या गल्लीवजा रस्त्यावर, फणसाची फांदी आणि विजेची तार चुकवत ती गाडी एकदा समुद्रापर्यंत पोहोचली, की तिच्या टाकीतले पाणी कोठे सोडायचे हा प्रश्न धोरणाहून मोठा ठरतो. पुळणीवर सोडले, तर दुसऱ्या दिवशी तेथेच गावातली पोरे खेळतात.

एवढे सगळे सांभाळून जो राहतो, त्याला समुद्र हातचे काही राखून ठेवत नाही. हिवाळ्यातल्या काळोख्या रात्री कधीकधी फुटणाऱ्या लाटेला निळसर प्रकाश असतो. समुद्रातल्या सूक्ष्म जिवांचा तो उजेड असतो, आणि गॅलरीतल्या दिव्यांपुढे तो दिसत नाही. पहाटे पूर्वेकडच्या डोंगराआडून उजाडते, तेव्हा पश्चिम किनारा बराच वेळ सावलीतच राहतो. तंबूच्या आतल्या अंगाला दवाचे थेंब लागलेले असतात.

आणि मग रापण येते. होडीतून नेऊन अर्धवर्तुळाकार टाकलेले जाळे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढायचे. कारवारच्या बाजूला त्यालाच रंपण म्हणतात. त्यासाठी किनारा लांबवर मोकळा लागतो, म्हणून आधी तंबूंचे दोर सोडवले जातात. यात कोणी रागावत नाही, कारण रापणकर नम्रपणे सांगतात आणि रात्रभर राहिलेल्या पाहुण्याला एव्हाना जागा कोणाची हे उमगलेले असते. जयनगरचा दहा-बारा वर्षांचा मुलगा कोणी न सांगताच दोराला हात लावतो. त्याच्यापुढे एक आजोबा, मागे एक बाई. पाय वाळूत रुततात, तळहात सोलवटतात, जाळे इंचाइंचाने सरकते. तासाभराने पाण्यात चांदी उसळते. वाटे पडतात, आणि दोर ओढला म्हणून त्याच्याही ओंजळीत मूठभर तारली येते. ती सांभाळत तो तंबूकडे धावतो. तंबू गुंडाळलेला असतो, स्टोव्ह पिशवीत गेलेला असतो, आणि घरी मासळी न शिजवणारी त्याची आई त्या ओंजळीकडे पाहत उभी असते.